एकशे तीस डॉलर आणि दोन नावे : पहिल्या सुपरहिरोच्या निर्मात्यांची गोष्ट

१/
१ मार्च १९३८. न्यूयॉर्कमधील एका लहानशा कॉमिक-प्रकाशकाने क्लीव्हलंड शहरातील दोन तरुणांच्या नावे ४१२ डॉलरचा धनादेश लिहिला. त्यातली बरीचशी रक्कम आधी केलेल्या गुप्तहेरकथांसारख्या कामाची होती. एक नोंद मात्र नवी होती : १३ पानांच्या एका चित्रकथेचे १३० डॉलर, म्हणजे पानामागे १० डॉलर. चित्रकथेचे शीर्षक होते ‘सुपरमॅन’.

२/
धनादेशावर दोघांच्याही नावांचे स्पेलिंग चुकले होते. त्यामुळे मागच्या बाजूला प्रत्येकाला दोनदा सही करावी लागली, एकदा चुकलेल्या नावाची आणि एकदा खऱ्या नावाची. त्या दिवशी ही बाब क्षुल्लकच वाटली असणार. पुढे याच दोन नावांसाठी या माणसांना आयुष्याची कित्येक वर्षे झगडावे लागले. अमेरिकी सुपरहिरोचा इतिहास बहुधा नायकांच्या पराक्रमांतून सांगितला जातो. येथे तो या धनादेशापासून पाहू.

३/
जेरी सीगल आणि जो शूस्टर, दोघांचाही जन्म १९१४चा. सीगल क्लीव्हलंडचे. त्यांचे आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू स्थलांतरित. शूस्टर यांचा जन्म कॅनडातील टोरांटोचा. वडील शिंपीकाम करीत. शूस्टर कुटुंब क्लीव्हलंडला आले आणि ग्लेनव्हिल या ज्यू वस्तीतील शाळेत दोघांची गाठ पडली. एकाला विज्ञानकथांचे वेड, दुसऱ्याला चित्रांचे. कागद विकत घेणे परवडत नसे, तेव्हा शूस्टर भिंतीला चिकटवण्याच्या कागदाच्या उरलेल्या गुंडाळ्यांच्या पाठीवर चित्रे काढीत.

४/
काळ महामंदीचा. जून १९३२मध्ये सीगल यांच्या वडिलांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चोरीचा प्रकार घडला आणि त्या धक्क्याने ते जागीच कोसळून मरण पावले. गोळी लागत नाही अशा नायकाची कल्पना या मृत्यूतून आली असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्याला थेट पुरावा नाही. पण ज्या घरातून हा नायक निघाला, त्या घरावर संकट कोसळले तेव्हा कोणीही वाचवायला आले नव्हते, एवढे खरे.

५/
जानेवारी १९३३मध्ये दोघांनी स्वतः काढलेल्या हस्तमुद्रित विज्ञानकथा-पत्रिकेत ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले. तो सुपरमॅन मात्र खलनायक होता. फुकट अन्नाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका निराधार माणसाला एक शास्त्रज्ञ उचलून नेतो, त्याच्यावर प्रयोग करतो आणि मिळालेल्या मानसिक शक्तीने तो माणूस जगावर सत्ता गाजवू पाहतो. पुढे सीगल यांनी ही कल्पना उलटी केली. शक्ती तीच ठेवली. ती दुबळ्यांच्या बाजूने उभी केली.

६/
शूस्टर यांनी त्याला रूप दिले. अंगाला घट्ट बसणारा पोशाख सर्कशीतल्या मल्लांचा, उभे राहण्याची ऐट मूकपटांतील डग्लस फेअरबँक्सची, तर चष्म्यातला भिडस्त क्लार्क केंट विनोदी अभिनेता हॅरल्ड लॉइडवरून सुचलेला. लोइस लेनसाठी त्यांनी योआन नावाच्या एका तरुणीला समोर बसवून रेखाटने केली. वृत्तपत्रात छोटी जाहिरात देऊन मॉडेलचे काम शोधणारी ही मुलगी पुढे १९४८मध्ये सीगल यांची पत्नी झाली. या कथेत ती पुन्हा येणार आहे.

७/
त्या काळी प्रतिष्ठा आणि पैसा होता तो दैनिकांतील चित्रपट्ट्यांना. सीगल-शूस्टर यांनी ‘सुपरमॅन’ दैनिकांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या संस्थांकडे वर्षानुवर्षे पाठवला आणि तो वर्षानुवर्षे परत आला. १९३५पासून त्यांचे इतर काम मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन यांच्या कॉमिक मासिकांत छापून येऊ लागले. पण हे मेजर कर्जात बुडाले आणि धंदा त्यांचे वितरक हॅरी डोननफेल्ड व जॅक लीबोविट्झ यांच्या हाती गेला. या नव्या मालकांना नवीन मासिकासाठी मजकूर हवा होता.

८/
मॅक्लूर या संस्थेत काम करणारे मॅक्सवेल गेन्स यांच्याकडे पडून असलेल्या ‘सुपरमॅन’च्या पट्ट्या तेव्हा संपादक व्हिन सलिव्हन यांच्यापर्यंत पोहोचल्या. दैनिकासाठी काढलेल्या त्या आडव्या पट्ट्या कापून कॉमिकच्या उभ्या पानावर चिकटवायच्या होत्या. ते काम लेखक-चित्रकारांनीच केले. पैशांसोबत एक करारपत्रही आले. त्यानुसार ही कथा, तिचे शीर्षक आणि तिच्यातील पात्रे यांवरचा हक्क कायमचा प्रकाशकाकडे जात होता. दोघांनी सह्या केल्या.

९/
आज हे वाचताना त्यांच्या भोळेपणाचे नवल वाटते. पण कॉमिकच्या धंद्याची रीतच तशी होती. चित्रकाराला पानामागे दाम मिळे आणि पान दिले की त्याचा संबंध संपे. शिंप्याला नगावर मजुरी मिळावी तसाच हा व्यवहार. शूस्टर यांचे वडील ज्या रीतीने कपडे शिवत, त्याच रीतीने मुलगा नायक शिवत होता. शिवाय बाजारात पाच वर्षे कोणी न घेतलेला माल अखेर कोणीतरी घेत होते.

१०/
‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक एप्रिल १९३८मध्ये विक्रीस आला. मुखपृष्ठावरचा महिना जून, किंमत १० सेंट. एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतो आहे, असे ते मुखपृष्ठ. मालकांना ते हास्यास्पद वाटले, असे सांगतात. दुसऱ्यापासून सहाव्या अंकापर्यंत मुखपृष्ठावर सुपरमॅन दिसतही नाही. मुले मात्र दुकानात ‘सुपरमॅनवाला अंक’ मागू लागली, तेव्हा आपण काय विकत घेतले आहे ते मालकांच्या ध्यानात आले.

११/
तो सुपरमॅन आजच्यापेक्षा पुष्कळ वेगळा होता. त्याला उडता येत नसे. मोठी उडी मारून तो वीस मजली इमारत ओलांडी. अंतराळातून आलेले शत्रू त्याच्या वाट्याला क्वचितच येत. पहिल्याच कथेत तो एका निरपराध स्त्रीची फाशी रोखण्यासाठी थेट गव्हर्नरच्या शयनगृहात शिरतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि देशाला युद्धात ओढू पाहणाऱ्या एका सिनेटरच्या दलालामागे लागतो.

१२/
तिसऱ्या अंकात खाण कोसळून मजूर अडकतात. सुपरमॅन खाणमालकाला आणि त्याच्या मेजवानीतील पाहुण्यांना त्याच खाणीत कोंडून, तिथल्या असुरक्षिततेचा अनुभव त्यांना घ्यायला लावतो. मालक बाहेर येतो तो खाण सुधारण्याचे वचन देऊनच. हा नायक गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करण्यावर थांबत नाही. अपघात कोणाच्या नफ्यामुळे झाला, हे तो शोधत जातो.

१३/
आठव्या अंकातील कथा सर्वांत धीट म्हणावी लागेल. मुले गुन्हेगारीकडे वळतात त्याचे मूळ पडक्या, कोंदट घरांच्या वस्तीत आहे, असे सुपरमॅन ठरवतो. आणि सरकार नवी घरे बांधील म्हणून तो रहिवाशांना बाहेर काढून ती वस्ती स्वतःच्या हातांनी पाडतो. त्याला रोखायला सैनिक येतात, विमाने बाँब टाकतात. पाडापाडीत त्यांची मदतच होते. अमेरिकेत गरिबांच्या घरांसाठीचा राष्ट्रीय कायदा त्याआधी जेमतेम एक वर्ष, १९३७मध्ये, झाला होता. कथेचे धागे त्या काळाच्या राजकारणात असे गुंतलेले आहेत.

१४/
नक्कल ताबडतोब सुरू झाली. मे १९३९मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमॅन आला. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकाशकाने ‘वंडर मॅन’ काढला. सुपरमॅनच्या मालकांनी लगेच न्यायालय गाठले आणि खटला जिंकला. पुढे ‘कॅप्टन मार्व्हल’विरुद्धचा त्यांचा दावा १९४१पासून १९५३पर्यंत चालला आणि प्रतिस्पर्ध्याला ते पात्रच बंद करावे लागले. आपल्या मालमत्तेची किंमत कंपनी पुरेपूर ओळखून होती.

१५/
या नव्या धंद्यातील पुष्कळसे लेखक-चित्रकार ज्यू स्थलांतरितांची मुले होती. जॅक कर्बी हे मूळचे जेकब कुर्ट्‌झबर्ग, बॉब केन हे मूळचे काहन, स्टॅन ली हे मूळचे स्टॅन्ली लीबर. जाहिरात संस्था आणि प्रतिष्ठित मासिकांची दारे त्यांना सहजी उघडत नसत. कॉमिक्सना प्रतिष्ठा नव्हती, म्हणूनच तिथे त्यांना जागा होती. नायकाचे एक नाव लपवलेले आणि एक जगासाठी घेतलेले, ही कल्पना त्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

१६/
फेब्रुवारी १९४०मध्ये ‘लुक’ या मासिकासाठी सीगल-शूस्टर यांनी दोन पानांची चित्रकथा केली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन यांना उचलून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. दोन महिन्यांनी जर्मनीत एसएस संघटनेच्या साप्ताहिकाने सीगल यांच्या ज्यू असण्यावर बोट ठेवून त्यांच्यावर विखारी लेख छापला. डिसेंबर १९४०मध्ये विक्रीस आलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा मारतो. तेव्हा अमेरिका युद्धात उतरायला अजून एक वर्ष होते.

१७/
एव्हाना सुपरमॅन दैनिकांत, नभोवाणीवर आणि चित्रपटगृहांतील व्यंगपटांतही पोहोचला होता. सीगल-शूस्टर उपाशी होते असे मुळीच नाही. त्यांना चांगले पैसे मिळत, क्लीव्हलंडमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, हाताखाली चित्रकार होते. पण हा सगळा मोबदला कामाचा होता. काम थांबले की तोही थांबणार होता. खेळणी, नभोवाणी आणि चित्रपट यांतून उभा राहणारा मोठा पैसा पात्राच्या मालकीतून येत होता, आणि ती मालकी १३० डॉलरमध्ये गेलेली होती.

१८/
१९४३मध्ये सीगल सैन्यात भरती झाले. ते दूर असताना, त्यांनी पूर्वी सुचवलेली आणि कंपनीने तेव्हा न स्वीकारलेली ‘सुपरबॉय’ ही कल्पना त्यांच्या संमतीविना छापली गेली. १९४७मध्ये दोघांनी कंपनीवर दावा लावला. न्यायालयीन पंचाने ‘सुपरमॅन’ कंपनीचा, पण ‘सुपरबॉय’ सीगल यांचा, असा कौल दिला. अखेर १९४८मध्ये तडजोड झाली. सुमारे ९४,००० डॉलरच्या बदल्यात दोघांनी सर्व दावे सोडले. त्यानंतर सुपरमॅनच्या पानांवरून त्यांची नावे नाहीशी झाली.

१९/
नावांपाठोपाठ त्या जुन्या, बंडखोर सुपरमॅनचाही निरोप घेण्याची वेळ आली. १९४८मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांकडून कॉमिक्सची होळी करवण्यात आली. १९५४मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्दम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे मांडणारा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या. तिथे भयकथांची बाजू मांडणारे प्रकाशक विल्यम गेन्स हे, सुपरमॅनच्या पट्ट्या पुढे पाठवणाऱ्या मॅक्सवेल गेन्स यांचेच चिरंजीव.

२०/
सरकारी कायदा टाळण्यासाठी प्रकाशकांनी ऑक्टोबर १९५४मध्ये स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता स्वीकारली. रक्तपात आणि भुताखेतांवरची बंधने सर्वांना ठाऊक असतात. तिच्यातले आणखी एक कलम इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे चित्रण करण्यास त्यात मनाई होती. गव्हर्नरच्या शयनगृहात घुसणारा आणि सैनिकांसमोर वस्ती पाडणारा १९३८-३९चा सुपरमॅन या संहितेखाली छापलाच गेला नसता.

२१/
१९५९मध्ये सीगल पुन्हा त्याच कंपनीत काम मागायला आले. स्वतः निर्माण केलेल्या नायकाच्या कथा ते आता पानामागच्या दराने, निनावी लिहू लागले. १९६०च्या दशकात त्यांनी हक्कांचा प्रश्न पुन्हा काढला आणि ते कामही गेले. जुन्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क २८ वर्षांचा असे आणि पुढील २८ वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण करता येई. १९३८ची ती मुदत १९६६मध्ये सरली. नूतनीकरणाचा हक्क निर्मात्यांचा की कंपनीचा, हा त्यांचा सवाल होता. १९७४पर्यंत दोन्ही न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

२२/
१९७५मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असल्याची बातमी आली. सीगल तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये टंकलेखक-कारकुनाची नोकरी करीत होते. शूस्टर न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ दृष्टिहीन अवस्थेत दिवस काढीत होते. सीगल यांनी एक दीर्घ, संतप्त निवेदन टंकलिखित करून वृत्तपत्रांकडे धाडले आणि त्यात चित्रपटाला चक्क शाप दिला. कायद्याने सगळे दरवाजे बंद झाल्यावर उरलेले हे अखेरचे साधन होते.

२३/
या वेळी ते एकटे पडले नाहीत. तरुण चित्रकार नील ॲडम्स यांनी प्रकरण हाती घेतले. बॅटमॅनच्या सुरुवातीच्या काळातील चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी व्यंगचित्रकारांची संघटना त्यामागे उभी केली. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीवर दोघा वृद्धांच्या मुलाखती झळकू लागल्या. न्यायालयात हरलेला खटला आता लोकांपुढे चालू होता, आणि चित्रपट विकायला निघालेल्या कंपनीला लोकमत परवडणारे नव्हते.

२४/
डिसेंबर १९७५मध्ये समझोता झाला. दोघांना आजन्म वार्षिक २०,००० डॉलर आणि वैद्यकीय खर्च. पैशांपेक्षा अधिक घासाघीस नावावरून झाली, असे रॉबिन्सन सांगत. अखेर तीही अट मान्य झाली. डिसेंबर १९७८मध्ये चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा श्रेयनामावलीत सीगल आणि शूस्टर यांची नावे निर्माते म्हणून होती. कॉमिकच्या पानांवर ती त्याआधीच परतली होती.

२५/
हाच न्याय सर्वांच्या वाट्याला आला नाही. बॅटमॅनच्या घडणीत लेखक बिल फिंगर यांचा वाटा मोठा. पण करार बॉब केन यांचा असल्याने नावही एकट्या केन यांचेच छापले जाई. फिंगर १९७४मध्ये वारले. त्यांचे नाव बॅटमॅनच्या अधिकृत श्रेयात यायला २०१५ साल उजाडले. आपले नाव छापलेले सीगल-शूस्टर यांना जिवंतपणी पाहता आले, फिंगर यांना नाही.

२६/
शूस्टर १९९२मध्ये आणि सीगल १९९६मध्ये निवर्तले. १९७६च्या नव्या कायद्याने जुने करार ठरावीक मुदतीनंतर मोडण्याची सोय निर्मात्यांच्या वारसांना दिली होती. तिचा आधार घेऊन योआन सीगल, म्हणजे एकेकाळी लोइस लेनच्या रेखाटनांसाठी बसलेली ती तरुणी, आणि त्यांची मुलगी यांनी पुन्हा लढा सुरू केला. २००८मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. योआन २०११मध्ये वारल्या. २०१३मध्ये वरच्या न्यायालयाने, २००१च्या वाटाघाटींतच तडजोड झाली होती असे म्हणत, पारडे पुन्हा कंपनीकडे झुकवले.

२७/
या इतिहासात कंपनीने कायदा मोडला, असे फारसे कुठे दिसत नाही. बहुतेक सगळे सही-शिक्क्यानिशी झाले. प्रश्न असा की, १९३८चा सुपरमॅन नेमक्या अशाच प्रकरणांत लक्ष घालीत असे : कागद चोख असूनही ज्यात माणसाचे नुकसान होते. खाणमालकाजवळही खाणीची कागदपत्रे असणारच. १९७५मध्ये सीगल-शूस्टर यांच्यासाठी उडी मारून कोणी आले नाही. त्यांच्याच धंद्यातील माणसे एकत्र आली, आणि त्यांनी दोन नावे परत मिळवली.

२८/
आजच्या कायद्यानुसार ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावरील स्वामित्वहक्क २०३३च्या अखेरीस संपेल आणि १ जानेवारी २०३४पासून तो पहिला, न उडणारा सुपरमॅन सर्वांचा होईल. १० सेंटच्या त्या अंकाची एक प्रत २०२४मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली. आणि तो ४१२ डॉलरचा धनादेश? २०१२च्या लिलावात त्याला १,६०,००० डॉलर मिळाले. संग्राहकाने एवढे पैसे मोजले त्या कागदाच्या पाठीवर दोन तरुणांच्या चार सह्या आहेत : दोन चुकलेल्या नावांच्या, दोन खऱ्या.